बिब्ब्याची जखम

“मी तुले दुसरं काहीच नाही इचारत, याडी. पट्टीत बिब्बा कोनं घातला, येवढं सांग.”

हरिसिंगानं हे पाचव्यांदा विचारलं. आणि पाचव्यांदा भुरीबाईनं चुलीतली राख उकरली. राखेत विस्तव नव्हता, काडी घालून उपयोग नव्हता, पण मान खाली घालायला काहीतरी निमित्त लागतं. तांड्यावर आईला याडी म्हणतात. हाक मारायला दोन अक्षरांचा शब्द, पण त्या रात्री हरिसिंगाच्या तोंडून तो असा निघत होता, जसा दाताखालचा खडा थुंकावा.

“तुले कोनं सांगतलं बिब्बा हाय म्हनून?” भुरीबाई म्हणाली. “डाक्टर म्हनला काय?”

“डाक्टराले नाही समजलं.”

“मंग त्या डाक्टरापक्षा शहाना कोन भेटला तुले रस्त्यात?”

हरिसिंगानं पायावरच्या पट्टीची गाठ चाचपली. त्याची बायको कमलीबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं आणि ओढणी दातात धरली. बाप सोमला भिंतीशी उकिडवा बसला होता. भांडणात पडायची त्याची रीत नव्हती. हीच गोष्ट पुढं कित्येक वर्षं तो तांड्यातल्या पोरांना अंधार पडल्यावर सांगायचा, आणि सांगताना दरवेळी तारीख सांगायचा, म्हणजे कोणी खोटं म्हणू नये. सन सत्तावन्न, डिसेंबरची चौदा, शनिवार. वद्य अष्टमी. भुरीबाईच्या समोर मात्र त्यानं ही गोष्ट कधी काढली नाही.

भांडण इथवर कसं आलं ते आधी सांगायला पाहिजे.

हरिसिंग पलटणीत शिपाई होता. किन्हीराजाच्या फाट्यापासून दीड कोसावर त्यांचा तांडा. तिथून पलटणीत गेलेला तो पहिलाच. गेला तेव्हा भुरीबाई डफावर नाचली होती. पोस्टमनसारखीच खाकी कपड्याची नोकरी, असं तिला वाटलं होतं. महिन्याला पैसे येतील, वर्षाला पोरगा येईल. तिकडं नागा लोकांच्या डोंगरात माणसं माणसांवर गोळ्या झाडतात, हे तिला सांगणार कोण? सांगणाऱ्यांनी फक्त फोटो काढला आणि हातात पेढा ठेवला.

श्रावणात हरिसिंगाच्या उजव्या पोटरीत गोळी शिरली. रात्रीची वेळ, पाऊस, मधे कमरेइतका ओढा. त्याला पाठीवर घेऊन ओढा पार करणारा होता केनवडचा शालिग्राम. दोघं एकाच भागातले, एकाच तुकडीतले. बाकीचे झोपले की दोघं हळू आवाजात आपल्या बोलीत बोलायचे, ज्वारीच्या भाकरीची आठवण काढायचे. शालिग्रामच्या घरी सात महिन्यांची पोरगी होती, आणि त्यानं ती पाहिलेली नव्हती. तिची आई पंचफुला दर पत्रात दुसऱ्याच्या हातानं लिहून कळवायची, आता बसते, आता हसते, आता दात आला.

त्यांच्या तुकडीत रजेचा हिशेब सरळ होता. एकजण परत आला की दुसऱ्याची पाळी. दवाखान्यातून दोन महिन्यांच्या आजारपणाच्या रजेवर हरिसिंग निघाला, तेव्हा शालिग्रामनं त्याची ट्रंक स्टेशनच्या गाडीत चढवून दिला. दोनच गोष्टी सांगितल्या. केनवडला जाऊन पोरगी पाहून ये. आणि वेळेवर परत ये, म्हणजे मला जाता येईल. हरिसिंगानं त्याच्या हातावर हात मारला. तांड्यात असा हात मारला की त्यावर कागद लागत नाही.

दोन महिन्यांत काय जखम भरत नाही? पोरगा पंचविशीतला, घरचं दूधतूप, वरून आईचा हात. दिवाळीच्या आधी खपली धरली होती. हरिसिंग कुबडी टाकून अंगणात चालून दाखवायला लागला. कमलीबाई हसली होती त्या दिवशी. भुरीबाई हसली नव्हती.

त्यानंतर जखम पुन्हा उतली. कडा लाल झाल्या, फोड आले, पाणी सुटलं. डॉक्टर मंगरूळात बसायचा. त्यानं पू म्हटलं, मलम दिलं आणि एकवीस दिवसांचं सर्टिफिकेट दिलं. एकवीस दिवसांनी आणखी एक दिलं.

भुरीबाई रोज संध्याकाळी स्वतः पट्टी बांधायची. सुनेला हात लावू द्यायची नाही. कडुलिंबाचा पाला, हळद, वर जुन्या धोतराची घडी. बांधताना जखमेवर फुंकर घालायची. लेकराच्या गुडघ्यावर घालावी तशी, हळूच. आग पडली की हरिसिंग तिचंच मनगट धरून ठेवायचा. तिची बोटं काळी होती, पण त्याचं कोणाला काय वाटावं? त्या भागात बायका बिब्बे फोडून गोडंबी काढतात. गोडंबी व्यापारी नेतो आणि बिब्ब्याचं तेल बायकांच्या बोटांना राहतं. कातडी जळते, सोलते, काळी पडते. राख लावायची आणि पुढचा बिब्बा घ्यायचा. भुरीबाईची बोटं तीस वर्षं काळी होती. हातापायाच्या भेगेत कधी बिब्ब्याचा चटका देतात, बैलाच्या खांद्यालाही देतात, पण उघड्या मांसाला त्याचा थेंब लागला तर काय होतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

हरिसिंगाला काहीच माहीत नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं, की परतायची तारीख जवळ आली की पाय आणखी पेटतो. आणि एक गोष्ट तो कमलीलाही बोलला नव्हता. सर्टिफिकेट हातात पडलं की त्याला बरं वाटायचं. लाज वाटायची, पण आधी बरं वाटायचं.

तर त्या शनिवारी तो तिसऱ्या सर्टिफिकेटासाठी मंगरूळला गेला. काम दुपारीच झालं. डॉक्टरनं पायाकडं पाहून मान हलवली आणि सही केली. संध्याकाळची मोटार धरली. शेलूबाजारच्या अलीकडं मोटारीचं चाक बसलं. ते काढा, दुसरं घाला, त्याचीही हवा कमी. उतारूंनी शेकोटी केली. किन्हीराजाच्या फाट्यावर हरिसिंग उतरला तेव्हा कंडक्टरनं घड्याळ पाहून सांगितलं, पावणेबारा.

थंडी कडाक्याची. मोटारीचा लाल दिवा वळणाआड गेला, आणि मग तुरीच्या शेतांमधली गाडवाट तेवढी राहिली. चंद्र नुकताच वर येत होता, अर्धा, पिवळा. हरिसिंग कुबडीवर निघाला. एक पाऊल, एक कुबडी. एक पाऊल, एक कुबडी. रात्रीच्या वाटेला तो भिणारा नव्हता. ज्यानं खरी गोळी खाल्ली, त्याला तुरीतल्या सळसळीचं काय?

पाव कोस गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की कुबडीच्या ठोक्यानंतर आणखी एक आवाज येतो.

तो थांबला. आवाज थांबला.

तो चालला.

बूट. मागं, दहाबारा पावलांवर. जड, पाण्यानं भरलेले बूट. प्रत्येक पावलाला आतलं पाणी चपकत होतं. मार्गशीर्षात, कोरड्या वाटेवर.

“कोन हाय?”

“चाल,” मागून आवाज आला. “थांबू नको. मी हाओ मागं.”

आवाज ओळखीचा होता. हरिसिंगाच्या छातीतलं ओझं एकदम उतरलं. त्याला हसू आलं. शालिग्राम. रजा मिळाली लेकाला. आपल्यावाचून मिळाली, म्हणजे आपल्या मानेवरची बिलामत टळली. तो वळायला गेला.

“वळू नको,” शालिग्राम म्हणाला. “रात्रीच्या गस्तीत पुढच्यानं पुढं पाहावं. इसरला काय?”

खरंच होतं. शेवटचा गडी मागचं सांभाळतो, पुढच्यांनी मागं पाहायचं नाही. हरिसिंग चालत राहिला आणि चालता चालता बोलत राहिला. रजा कधी झाली, कोणत्या गाडीनं आलास, घरी न जाता इकडं कसा. बोलत तोच होता. मागून फक्त बूट वाजत होते.

मग शालिग्रामनं विचारलं, “पोरगी पायली का माही?”

हरिसिंगाची कुबडी अडखळली. तीन महिने उलटून गेले होते. केनवड काही काशी नव्हती. एक दिवस जायला, एक यायला. पण पाय दुखत होता. आणि जाऊन पंचफुलाला काय सांगणार होता, तुझा नवरा माझ्यामुळं अडकला?

“नाही जानं झालं,” तो म्हणाला. “पाय…”

“मी पायली,” शालिग्राम म्हणाला. “झोपली व्हती.”

हरिसिंगानं कुबडी पुढं टाकली.

पुढं नाला लागला. नाल्यात तेव्हा घोट्याइतकंही पाणी नव्हतं. मधे एक चपटा दगड आहे, बायका त्यावर कपडे आपटतात. हरिसिंगाचा पाय आता ठणकायला लागला होता. तो दगडावर टेकला. समोर चंद्राचा उजेड, मागं करंजीची सावली. सावलीतून शालिग्राम पुढं आला आणि त्याच्या पायाशी बसला. ओव्हरकोट अंगाला चिकटलेला. टोपी डोळ्यांवर. कोटातून पाणी गळत होतं… थेंब थेंब… आणि वाळूत थेंबांची खूण पडत नव्हती.

“दाखव पाय.”

हरिसिंगाला नाही म्हणायचं होतं. तोंड उघडलं नाही.

शालिग्रामनं पट्टी सोडली. त्याची बोटं लागली तिथं पाय बधिर झाला. एकेक वेढा निघाला. पाला खाली पडला. तो वाकला. वास घेतला.

“गोळीची जखम तं कवाचीच भरली, हऱ्या.”

हरिसिंग वाकून पाहायला लागला.

“हा बिब्बा उतला हाय. येका दिवसाचा नाही. रोज थेंब थेंब लावेल हाय.”

“बिब्बा कायले लावंन कोनी?”

शालिग्रामनं खाली पडलेला पाला उचलून त्याच्यापुढं धरला.

“याडी बांधते पट्टी,” हरिसिंग म्हणाला. आणि हे शब्द त्याच्याच कानांवर पडले, तेव्हा त्याला फुंकर आठवली. रोज संध्याकाळची. हळूच घातलेली.

वर तारे होते. कुठंतरी टिटवी ओरडायची, ती ओरडली नाही. शालिग्रामनं पट्टी पुन्हा बांधली. घट्ट. पलटणीत बांधतात तशी, आडवी गाठ मारून.

“तुह्यावर राग नाही माहा,” तो म्हणाला. “मी वाट पाहून राह्यलो व्हतो. बस, येवढंच. रोज वाटे, उद्या येईन.”

“मी येतो. उद्याच निघतो. तू जाय घरी, मी…”

“आता नको येऊ.”

“काहून?”

शालिग्राम उठला. चंद्र टोपीखाली शिरला… आणि हरिसिंगानं डोळे मिटले. त्यानं काय पाहिलं ते त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. बापालाही नाही, कमलीलाही नाही.

त्यानंतरचं त्याला नीट आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं, की नाल्यापासून पुढं पाय दुखला नाही. जरासुद्धा नाही. तांड्याची कुत्री त्याला पाहून भुंकली नाहीत. घरांच्या मागं सरकली. मग घराचं दार, दारात कमली, आणि कमलीनं पहिला प्रश्न विचारला, की कुबडी कुठं आहे.

कुबडी त्याच्याजवळ नव्हती.

कोणी म्हणेल, जखमेचा ताप डोक्यात चढला असेल. म्हणू दे. तापात माणसाला वाघ दिसतात, साप दिसतात. आईनं काय केलं ते तापात दिसत नाही. ते दिसायला दुसऱ्याचे डोळे लागतात.

तर ते भांडण. अडीच वाजता, विझलेल्या चुलीपुढं.

भुरीबाईनं शेवटी काडी फेकली. कबूल करणारी बाई नव्हती ती, पण इरेला पेटली की तोंडावर सांगणारी होती. हो, लावला, ती म्हणाली. आणि मग तिनं लेकाला बोलूच दिलं नाही. तू ज्या दिवशी कुबडी टाकून नाचून दाखवलंस, त्या रात्री लावला पहिला थेंब. खपली माझ्या नखानं काढली, तू झोपला होतास. मला फोटो दाखवून पोरगा नेला त्यांनी, भोक पाडून परत केला. आता बुजवून पुन्हा देऊ? सुईच्या टोकावर बिब्बा धरून दिव्यावर तापवताना माझा हात थरथरला नाही. तुझा पाय सडला असता तरी चाललं असतं, लंगडा लेक घरात राहतो.

“मी तुहा हात धरून ठेवत व्हतो,” हरिसिंग म्हणाला. “आग पडली का तुहाच हात धरत व्हतो मी.”

भुरीबाईचं तोंड क्षणभर हललं. मग पुन्हा दगड झालं.

“त्या तिकडं येक मानूस माह्यापायी अडकून पडला,” तो म्हणाला. “मी त्याले जबान देली व्हती. तू माहा पाय नाही नासवला, याडी. माही जबान नासवली. माह्या हातानं, मले माहीत नसता.”

“कोनाची जबान अन् कायची. पन तुले हे सांगतलं कोनं, ते तं बोल.”

“शालिग्रामनं. नाल्यावर पट्टी सोडून पायली त्यानं.”

“मेलेलं मानूस पट्टी सोडते काय?” भुरीबाई फटकन म्हणाली.

आणि थांबली.

कमलीच्या दातातली ओढणी सुटली. सोमलानं पहिल्यांदा मान वर केली. आठ दिवसांत तांड्यावर पोस्टमन आला नव्हता. तार आली नव्हती. केनवडचं कोणी या बाजूला फिरकलं नव्हतं. शालिग्राम मेला, असं या घरात तोवर कोणी उच्चारलंही नव्हतं.

“मेला?” कमलीनं विचारलं. इतक्या हळू, की विचारलं नाही असंच वाटावं.

भुरीबाई एकदम आवाज चढवून बोलायला लागली. तोंडातून निघून गेलं, असं म्हणाली. पोराला ताप आहे, म्हणाली. कोणी आलं नाही, कोणी भेटलं नाही, एकटाच खुरडत आला आहे. पाहा ना बाहेर जाऊन, फुफाटा आहे वितीभर, एकट्याचे ठसे दिसतील. पाहा म्हणते ना.

सोमला उठला. कंदिलाची वात वर केली. कमलीच्या बाजूनं बाहेर गेला.

कंदील अंगणात फिरला. फाटकापर्यंत गेला. वाटेवर गेला… दूर गेला… लहान ठिपका झाला. घरात तिघं. हरिसिंग पायाकडं पाहत होता. आडव्या गाठीकडं. भुरीबाई राखेकडं. वाऱ्याचा टिपूस नव्हता, तरी दाराची कडी एकदा वाजली.

ठिपका परत मोठा झाला. सोमला उंबऱ्याशी येऊन थांबला. आत आला नाही.

“हरीच्या वहानेचा ठसा नाही,” तो म्हणाला. “कुबडीचं भोकबी नाही. नाल्यापासून हितवर कोठंच नाही.”

“मंग?” भुरीबाई म्हणाली.

“बुटाचे हायत. येकाच मानसाचे. खोल गेलेत, पाठीवर वझं असंन तसे.” त्यानं कंदील खाली धरला, उंबऱ्याजवळ, आणि स्वतःचा पाय मागं घेतला. “दारापावतर आले. आतमंदी गेलेत.”

“अन् वापस जानारे?” कमलीनं विचारलं.

सोमलानं नाही अशी मान हलवली.

कमली चौकटीपासून दूर झाली. जागा रिकामी झाली. तेवढ्या जागेत थंडी होती, बाकी घरात नव्हती. जमिनीवर, सारवलेल्या कोरड्या जमिनीवर, ओला डाग पसरत होता. कुठूनही पाणी पडत नव्हतं. डाग मात्र वाढत होता… हळूहळू… चुलीच्या दिशेनं.

हरिसिंगानं आवाज चढवला नाही. आता चढवायची गरज उरली नव्हती.

“याडी,” तो म्हणाला. “शालिग्राम मेला, हे तुले कोनं सांगतलं?”

भुरीबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. नवऱ्याकडं पाहिलं नाही. ती दाराजवळच्या त्या रिकाम्या जागेकडं पाहत होती, आणि जिच्या तोंडाला सारा तांडा भ्यायचा त्या बाईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

“मागच्या गुरवारी राती तो असाच वला होऊन दारात उभा राह्यला, नाव सांगतलं, अन् मले इचारलं, मावशी, हरी येत नाही तं आता मराची पाळी कोनाची, अन् मी म्हनलं, तुही.”